‘सिस्टर नीट बोलल्या असत्या तर…’

पुण्यातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: ‘दवाखान्यात मारहाण होते ती भावनेच्या भरात. सिस्टर गोड बोलल्या तर कुणी हात उचलणार नाही. बाकी कायदा कडक आहेच, दारावर बाऊन्सर ठेवले की झालं.’ आमच्या भाऊजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. बावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या वहिनीनं आता गप्प कसं बसायचं?

आधी गोड बोलण्याचं. आमच्यातल्या काही जणी तुसड्या बोलतात, कबूल. पण भाऊजी, रात्री दोनचं चित्र बघा. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये, बिलाची खिडकी बंद, रक्ताची पिशवी यायची आहे, आणि भोरहून पेशंट घेऊन आलेली माणसं चार तास बाकावर बसून आहेत. विचारायला समोर एकच माणूस असतं: सिस्टर. तिनं न घेतलेल्या प्रत्येक निर्णयाचा जाब तिलाच. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स. मी नाइटला तीस-तीस पेशंट एकटीनं पाहिलेत. सलाईन संपल्याचं तिसऱ्यांदा सांगायला आलेल्या माणसाशी गोड बोलायलाही थोडा वेळ लागतो हो.

शिवाय हात उचलणारा दर वेळी नातेवाईक नसतो. साखर एकदम उतरलेला पेशंट लाथा मारतो, त्याला ग्लुकोज लागतं. रोज पिणारा माणूस ॲडमिट झाला की दारू तुटते, आणि दोन-तीन दिवसांनी तो भ्रमात कुणालाही मारू शकतो. हे आधी कळतं. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला ‘पितो, आज दुसरा दिवस’ एवढं सांगितलं, तर रात्रीची मुलगी त्याच्याजवळ एकटी जात नाही.

‘भावनेच्या भरात’ हेही अर्धंच खरं. आवाज चढतो, येरझाऱ्या सुरू होतात, फोन करून माणसं बोलावली जातात. ठिणगी पडायच्या आधी बराच वेळ धूर दिसतो. तेवढ्यात डॉक्टरनं स्वतः येऊन दोन मिनिटं परिस्थिती सांगितली की बहुतेक वेळा निवळतं. मृत्यूची बातमी कॉरिडॉरमध्ये ज्युनिअर पोरीच्या तोंडून जाऊ नये, वेगळ्या खोलीत बसवून सीनिअर डॉक्टरनं सांगावी. याला पैसा लागत नाही.

कायदा? आहे, २०१० पासून. महाराष्ट्रात तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र गुन्हा, मोडतोडीची दुप्पट भरपाई. नर्सच काय, नर्सिंगच्या विद्यार्थिनीही त्यात येतात. पण तक्रार करायला जावं तर व्यवस्थापनच म्हणतं, ‘सिस्टर, मिटवून टाका, नाव खराब होतं.’ कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, केंद्रीय आरोग्य खात्यानं केंद्रीय रुग्णालयांच्या प्रमुखांना बजावलं: मारहाण झाल्यास सहा तासांत संस्थेनंच एफआयआर नोंदवायचा. खरी मेख इथे आहे. फिर्यादी संस्था हवी, आणि हे खाजगी दवाखान्यांनीही करायला हवं. शिवीगाळसुद्धा रजिस्टरमध्ये चढली पाहिजे. आमच्याकडे ती ‘रोजचंच’ म्हणून सुटायची.

बाऊन्सरचं थोडक्यात. नर्स अरुणा शानबाग आठवतात? २७ नोव्हेंबर १९७३, मुंबईचं केईएम रुग्णालय, तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला. ड्युटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या, आणि हल्लेखोर रुग्णालयातलाच सफाई कामगार होता. पुढची ४१ वर्षं त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. दारावरचा पहिलवान तिथे काय करणार होता? उजेड असलेली, आतून कडी लागणारी चेंजिंग रूम मात्र उपयोगी पडली असती.

दारावर माणूस हवाच, पण पास तपासायला. भाऊजी, मामंजींना ॲडमिट केलं होतं तेव्हा एका पासवर तुम्ही पाच जण आत शिरला होतात. अडवणारी सिस्टर कशी बोलली, ते तुम्ही घरी येऊन सगळ्यांना सांगितलंत. तुम्ही तिला काय बोललात, ते मला दुसऱ्या दिवशी तिच्याकडूनच कळलं.