ते नाणं खराब नव्हतं, साहेब

नमस्कार साहेब,

आपण सहकुटुंब आमच्या नाण्या-गाण्यांच्या कार्यक्रमाला आलात, त्याबद्दल आभार. आपली संध्याकाळ मनासारखी गेली नाही याचं फार वाईट वाटलं, त्यासाठी क्षमा मागतो. आपण एक तारा देऊन लिहिलंत, "माणशी ४०० रुपये घेऊन ठोकलेली, खराब नाणी दाखवतात. वर रडकी जुनी गाणी, जी मोबाईलवर फुकट मिळतात. मोराचं नाणं तर नकली. एक नाणं हातात घेतलं तर मालकाने हिसकावून घेतलं."

बाकीचं पुढे लिहितो. आधी त्या "ठोकलेल्या" नाण्याबद्दल बोलू द्या, कारण हे वाचल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही.

ते नहपान या शक राजाचं, म्हणजे क्षत्रपाचं, चांदीचं नाणं आहे, वजन दोन-सव्वादोन ग्रॅम. अशा नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं असतात, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी या जुन्या लिप्यांतले लेख. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, पण त्याची ही नाणी सगळी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपले ठसे मारले. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार गोल. १९०६ साली आपल्याच नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या १३,००० हून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यातली जवळपास दोन तृतीयांश नाणी अशी पुन्हा ठोकलेली होती. गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, पांडवलेण्यांत जो लेख कोरून घेतला, त्यात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असं अभिमानाने सांगितलंय. नहपान क्षहरातच. म्हणजे लेण्यात जे वाचायचं, ते या नाण्यावर डोळ्यांनी दिसतं. आपण ज्याला खराबी म्हणालात, तो विजयी राजाचा ठसा आहे. आमच्याकडे याहून मोलाचं दुसरं नाणं नाही.

म्हणून तर त्याच्यासोबत आम्ही "नाम गुम जाएगा" लावतो. ते रडकं म्हणून निवडलेलं नाही. त्या गाण्यात नाव हरवतं, चेहरा बदलतो, आणि इथे समोर भिंगाखाली तेच झालेलं असतं. नीट पाहिलं की डोंगराच्या कमानींमधून नहपानाचं नाक अजून वर आलेलं दिसतं. त्या दिवशी ते सगळ्यांत आधी आपल्या मुलीला दिसलं. "बाबा, इथे बघा ना" म्हणून तिने आपल्याला दोनदा हाक मारली. आपण तेव्हा जिन्यात फोनवर बोलत होता. काम निघतं माणसाला, मी समजू शकतो. पण गाणं संपल्यावर आत येऊन आपण नाणं न पाहताच खराब ठरवलंत, हे मनाला लागलं.

आता हिसकावण्याचं. ते नाणं वेगळं, सातवाहनांचं शिशाचं, दोन डोलकाठ्यांचं जहाज असलेलं. त्याला आम्ही "मी डोलकर" लावतो आणि त्या वेळी सगळी मंडळी टाळ्यांचा ठेका धरतात. सुरुवातीलाच मी सांगितलं होतं की नाणी कडेने धरायची, मखमलीच्या कापडावरच धरायची आणि शिशाच्या नाण्याला हात लावायचा नाही. मध्यंतरात कांदाभजी झाली होती. आपण तेलकट हाताने ते उचललंत, शर्टाच्या टोकाने घासायला लागलात आणि "लिंबू-मीठ लावा, चमकेल" म्हणालात. साहेब, जुन्या शिशाचा वरचा थर असा घासला की त्याची भुकटी होते, जहाजाची डोलकाठी एकदा गेली की गेली. शिवाय शिसं विषारी आहे, त्याच हाताने आपण पुढचं भजं घेणार होता. मी "द्या इकडे" म्हणून हात पुढे केला, माझा आवाज चढला असेल. त्याला हिसकावणं म्हणू नये, एवढीच विनंती.

मोराचं नाणं नकली नाही, प्रतिकृती आहे, आणि तसं पाटीवर ठळक लिहिलंय. मोराला खाऊ घालणारा गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त ज्या नाण्यावर आहे ते सोन्याचं. ते विकत घेण्याची ऐपत आमच्यासारख्या दुकानदाराची नाही. पण मागच्या बाजूला मोरावर बसलेला कार्तिकेय आणि कानावर "नाच रे मोरा", यात लहान मुलं जी रंगतात ते बघितलं की प्रतिकृतीचं काही वाटत नाही.

४०० रुपयांत चहा, भजी, भिंग आणि नाणी पाहायला पुरेसा वेळ मिळतो. गाणी मोबाईलवर फुकट मिळतात हे खरं, पण तिकीट लावून कार्यक्रमात वाजवायची तर परवान्याचे पैसे भरावे लागतात, ते आम्ही भरतो. दुकान आणि हा कार्यक्रम यावरच आमचं घर चालतं. एका शाळेची सहल ठरली होती, आपला अभिप्राय वाचून त्यांचा "जरा थांबू या" असा फोन आला. म्हणून हे एवढं लांबलं, राग मानू नका.

हात पुसायला ओली फडकी ठेवायचं आणि चहा-भजी शेवटी द्यायचं मनात आहे. गाण्यांच्या यादीतही थोडा बदल करू. आपल्या मुलीला नहपान पुन्हा पाहायचा असेल तर तिला घेऊन दुकानात या, सोमवार सोडून कधीही. तिकीट लागणार नाही. शिशाचं नाणं मात्र कापडावर मीच ठेवीन.