बिअरच्या बाटलीत हॅम्लेट शोधणाऱ्यांसाठी

कल्ट सिनेमांचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. तो साधारण असा: ‘स्ट्रेंज ब्रू’ हा १९८३चा कॅनडियन सिनेमा वरवर येडचाप वाटतो, पण खरं तर ते शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं प्रसंगागणिक रूपांतर आहे. त्यातले बिअर ढोसणारे दोन भाऊ, बॉब आणि डग मॅकेन्झी, म्हणजे नाटकातले हॅम्लेटचे दोन मित्र, रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न. नाहीतर बर्गमनसारख्या गंभीर स्वीडिश दिग्दर्शकाचा नट माक्स फॉन सिडो असल्या सिनेमात कशाला आला असता? ज्यांना हे कळलं, त्यांनीच हा सिनेमा डोक्यावर घेतला.

यात खरं आहे ते आधी मान्य करून टाकू. सिनेमातल्या बिअरच्या कारखान्याचं नावच एल्सिनोर, म्हणजे हॅम्लेटचा राजवाडा जिथे आहे ते ठिकाण. मालक संशयास्पद रीतीने मेलाय, त्याच्या भावाने विधवा वहिनीशी झटपट लग्न उरकलंय. भावाचं नाव क्लॉड, वहिनीचं गर्ट्रूड. मेलेल्या मालकाचं भूतही येतं, फक्त तटबंदीवर नाही, कारखान्याच्या कँटीनमधल्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’पासून मराठी वाचकाला ही गोष्ट ठाऊक आहे, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातच कोणीही ओळखेल. म्हणजे गुपित फोडल्याचा जो आव असतो, तो तिथेच गळून पडतो. दिग्दर्शकांनी काही लपवलेलंच नाही, कारखान्याच्या पाटीवर लिहून ठेवलंय.

आता ‘प्रसंगागणिक’. हॅम्लेट कोण? मालकाची मुलगी पॅम. ती वेडाचं सोंग घेत नाही, जगावं की मरावं म्हणून अडून बसत नाही, आणि शेवटी जिवंत असते. हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया कुठे आहे? मला तरी सापडली नाही. नाटकातलं नाटक म्हणून सिनेमाच्या सुरुवातीचा तो भाऊंनी स्वतः बनवलेला विज्ञानपट दाखवतात. पण हॅम्लेट नाटक लावतो ते काकाला पेचात पकडायला. इथे काका थिएटरातही नाही. भाऊंचा सिनेमा मध्येच बोंबलतो, प्रेक्षक खवळतात, आणि रडणाऱ्या पोरांच्या बापाला पैसे परत करताना डग आपल्या वडिलांनी बिअरसाठी दिलेले पैसे देऊन बसतो. गोष्टीला गती मिळते ती इथून. डेन्मार्कच्या राजवाड्यात काहीतरी कुजलंय म्हणून नव्हे, तर घरी बापाला बिअर हवी आहे आणि खिशात दमडी नाही म्हणून. (त्या बापाचा आवाज मेल ब्लँकचा, म्हणजे बग्ज बनीचा. याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही.)

कथेतला मोठा भाग तर शेक्सपिअरच्या गावचाही नाही. कारखान्याचा ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणारा मुख्य, स्मिथ (हाच माक्स फॉन सिडो) बिअरमध्ये असं औषध मिसळतोय की ठरावीक सूर वाजले की पिणारा त्याच्या ताब्यात जातो. प्रयोग चालतात मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर. त्यांना अंगभर चिलखतासारखी पॅडिंग चढवून हॉकी खेळायला लावतात, आणि ते कपडे पाहून त्या काळच्या प्रेक्षकाला ‘स्टार वॉर्स’चे सैनिक आठवले नसते तरच नवल. ‘स्टार वॉर्स’चा तिसरा भाग त्याच वर्षी, काही महिने आधी आला होता. शेवटी तर बॉब टाकीभर बिअर पिऊन फुगतो आणि लागलेली आग मुतून विझवतो. त्यांचा कुत्रा आकाशातून उडत ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेला जातो. हे कोणत्या अंकात आहे, ते दाव्यावाल्यांनी सांगावं.

दोघे भाऊ म्हणजे रोझेनक्रांट्झ-गिल्डनस्टर्न, हा मुद्दा ऐकायला सर्वात गोड आणि तपासल्यावर सर्वात पोकळ. नाटकातले ते दोघे राजाने बोलावून घेतलेले, मित्रावर पाळत ठेवायला नेमलेले. बॉब-डगना कोणी बोलावलेलं नसतं. ते बाटलीत उंदीर घालून ‘आमच्या बिअरमध्ये उंदीर निघाला, फुकट पेटी द्या’ म्हणत दुकानात जातात. दुकानदार त्यांना थेट कारखान्याचा रस्ता दाखवतो. तिथे नोकरीच मिळते, आणि ती कसली? पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांमध्ये उंदीर नाही ना, ते बघायचं. ज्या लबाडीने आत शिरले, तीच आता पगारी जबाबदारी. ही गंमत शुद्ध मॅकेन्झी भाऊंची आहे, तिचं श्रेय शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला द्यायचं काही कारण नाही. शिवाय रोझेनक्रांट्झ-गिल्डनस्टर्न नाटकाच्या कडेला उभे असतात आणि कडेलाच मरतात. हे दोघे सिनेमाच्या मधोमध बसलेत.

ते तिथे आधीपासूनच बसले होते, आणि दाव्याला खरा तडा जातो तो इथे. बॉब-डगचा जन्म एका सरकारी छापाच्या मागणीतून झाला. ‘एससीटीव्ही’ हा विनोदी कार्यक्रम १९८०च्या सुमारास एडमंटनमध्ये बनत होता आणि कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीवर, सीबीसीवर, लागत होता. तिथे जाहिराती कमी, त्यामुळे अमेरिकेतल्या प्रक्षेपणापेक्षा कॅनडातला भाग दोन मिनिटांनी लांब. सीबीसीचं म्हणणं पडलं की ती दोन मिनिटं ठळकपणे कॅनडियन असावीत. बॉब करणारा रिक मोरॅनिस टोरोंटोचा, डग करणारा डेव्ह थॉमस ऑन्टॅरिओतल्या सेंट कॅथरिन्सचा, कार्यक्रम बनतोय कॅनडात, मग अजून किती कॅनडियन व्हायचं? दोघे चिडले आणि मागितलं ते शब्दशः दिलं. पाठीमागे कॅनडाचा भलाथोरला नकाशा, डोक्यावर लोकरी टोप्या, अंगात जाड जाकिटं, पुढ्यात बुटक्या बाटल्यांतली बिअर, शेगडीवर तळला जाणारा बेकन, आणि दर वाक्याच्या शेवटी ‘ए?’. विषय काय, तर काहीच नाही. संहिता जवळपास नव्हतीच, समोरासमोर बसून सुचेल ते बोलायचं. साहेबांना चिमटा काढायला केलेली ही दोन मिनिटं कार्यक्रमातली सर्वात लोकप्रिय ठरली. दप्तरी खाक्याची यापेक्षा चांगली टर मी तरी पाहिलेली नाही, आणि ती साहेबांच्याच पैशाने उडवलेली होती.

म्हणजे क्रम असा: आधी भाऊ, मग त्यांना सिनेमात न्यायचं म्हणून गोष्ट, आणि गोष्टीला टेकू म्हणून ‘हॅम्लेट’. दोन मिनिटांच्या निरर्थक गप्पांवर दीड तास निघत नाही. कुणाचा तरी तयार सांगाडा लागतो, आणि खून, भूत, वारसाहक्क असलेला हा सांगाडा फुकट मिळतो. यात कमीपणा काहीच नाही. पण टेकूलाच इमारत म्हणू नये.

माक्स फॉन सिडोचं प्रमाणपत्र तर पाचच ओळींत निकालात निघतं. तो बर्गमनचा नट, मान्य. पण १९८०च्या ‘फ्लॅश गॉर्डन’मध्ये तोच भडक झगा घालून मिंग बादशहा झाला होता, आणि १९८३मध्येच ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मध्ये बाँडचा शत्रू ब्लोफेल्ड. त्याने कोणता सिनेमा घेतला यावरून त्या सिनेमाची खोली मोजायला गेलात तर फसाल. त्याचा उपयोग वेगळाच आहे. ब्रूमास्टर स्मिथ तो इतक्या गंभीरपणे करतो, की समोरच्या दोघांचा बावळटपणा दुप्पट हास्यास्पद होतो. तो जरा जरी डोळा मारता, तरी सगळं पाणचट झालं असतं.

राहता राहिलं, कल्ट कोणामुळे झाला? सिनेमा येण्याआधीच या भावांच्या गप्पांची ध्वनिमुद्रिका निघाली होती. तिच्यातल्या ‘टेक ऑफ’ या गाण्यात रश या कॅनडियन रॉक बँडचा गेडी ली गायला. तो मोरॅनिसचा शाळेतला सोबती. १९८२मध्ये ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १६व्या क्रमांकापर्यंत चढलं, जिथे खुद्द रशचं एकही गाणं कधी पोचलं नाही. त्यात ना एल्सिनोर होतं, ना भूत. तिकीट काढणाऱ्यांना हे दोघे हवे होते. पुढे २००३मध्ये डिस्नेच्या ‘ब्रदर बेअर’मध्ये त्याच आवाजात, त्याच ‘ए’सह हे दोघे रट आणि टूक नावाचे मूस (सांबरासारखे मोठ्या शिंगांचे प्राणी) होऊन परतले, आणि कॅनडा पाहिलेला प्रेक्षक त्यांना ओळखून हसला. २०२०मध्ये एडमंटनने बॉब-डगचा पुतळा बसवला. तिथेही हातात कवटी वगैरे दिलेली नाही.