पॉटकेटची टीम मुळात पॉटकेटची होती कुठे?

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातलं पॉटकेट, तिथल्या मॅककॉय या बेसबॉल स्टेडियमचं पाडकाम 2025 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आमच्या इकडच्या ओळखीपाळखीत एकच सूर ऐकतेय. ऱ्होड आयलंडच्या पुढाऱ्यांनी नव्या स्टेडियमसाठी हात आखडता घेतला म्हणून इतक्या वर्षांची टीम हातची गेली, वूस्टरला. मला हे अजिबात पटत नाही. पुढाऱ्यांची तरफदारी करायची मला हौस नाही, पण या एका बाबतीत पैसे नाकारणाऱ्यांचं बरोबर होतं. गोची झाली ती त्याच्या कितीतरी आधी, आणि मालक भला माणूस होता म्हणून ती कोणाला जाणवली नाही.

बेसबॉलशी ज्यांचं देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉस्टनची रेड सॉक्स ही मोठ्या लीगमधली टीम. तिच्यासाठी लहान शहरांतल्या टीम पोरं तयार करतात, ती मायनर लीग. त्यातली सगळ्यात वरची पायरी ट्रिपल-ए. 1973 पासून रेड सॉक्सची ट्रिपल-ए टीम पॉटकेटला होती, लोक तिला पॉसॉक्स म्हणायचे. खेळाडूंचा पगार बॉस्टन देणार, कोणाला कधी वर बोलवायचं हेही बॉस्टनच ठरवणार. स्थानिक मालकाने मैदान, तिकिटं, हॉटडॉग आणि बाकीचा सगळा पसारा सांभाळायचा.

पॉटकेट म्हणजे पाऊण लाख वस्तीचं गिरणगाव. अमेरिकेतली पाण्यावर चालणारी पहिली यशस्वी सूतगिरणी, स्लेटर मिल, इथलीच, ब्लॅकस्टोन नदीच्या काठची. पुढे कापडधंदा दक्षिणेकडे सरकला आणि गावाची रया गेली. स्टेडियम 1942चं. मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं, तेही दलदलीवर. मेयर थॉमस मॅककॉय यांच्या हट्टापायी खर्च इतका फुगला की लोक त्याला मॅककॉयचा मूर्खपणा म्हणायला लागले. पुढे त्याच मूर्खपणावर गावाचा जीव जडला.

सुरुवातीची वर्षं मात्र भिकार होती. 1976 मध्ये टीमचं दिवाळं निघालं. 1977 च्या जानेवारीत ती घेतली बेन मॉन्डोर यांनी. हा माणूस कापडाच्या धंद्यात पैसा कमावून निवृत्त झालेला, बेसबॉलच्या धंद्याशी काडीचा संबंध नाही. त्या वर्षी टीम लीगमध्ये पहिली आली तरी अख्ख्या सीझनला प्रेक्षक जेमतेम सत्तर हजार. 2005 मध्ये हाच आकडा पावणेसात लाखांच्या वर गेला. मॉन्डोर यांनी जादू वगैरे काही केली नाही. तिकीट स्वस्त ठेवलं, पार्किंग फुकट ठेवलं, स्टेडियम स्वच्छ ठेवलं आणि माणसं टिकवली. माईक टॅम्बुरो 1977 मध्ये त्यांच्याकडे आले ते पुढची कित्येक वर्षं तिथेच होते.

मॅककॉयची एक गंमत सांगायलाच हवी. तिथे खेळाडू बसतात ते डगआउट प्रेक्षकांच्या बाकांच्या खाली, जमिनीच्या पातळीला होते. त्यामुळे पोरांना वाकून सही मागता यायची नाही. त्यावर पोरांनीच तोड काढली. दुधाचा मोठा प्लास्टिकचा कॅन घ्यायचा, त्याच्या पोटाला चौकोनी भोक पाडायचं, आत बॉल आणि पेन टाकायचं आणि दोरीने कॅन खाली सोडायचा. खालून कोणीतरी बॉल काढून सही करायचा आणि दोरीला हलका झटका द्यायचा, की वर ओढून घ्या. एका रांगेत आठ-दहा कॅन लोंबकळत असायचे. आमची लेक लहान असताना तिचं मॅचकडे लक्ष शून्य, सगळा जीव त्या दोरीत. सही कोणाची हे बऱ्याचदा आम्हाला कळायचंही नाही. गिचमिड अक्षर, आणि ते पोरगं दोन वर्षांनी बेसबॉल सोडून विमा विकत असण्याची शक्यताच जास्त.

आता 1981ची ती मॅच. दोन्ही टीमची बॅटिंगची एकेक पाळी झाली की एक इनिंग, आणि नेहमीची मॅच नऊ इनिंगची. बेसबॉलमध्ये बरोबरी मान्य नसते, निकाल लागेपर्यंत खेळायचं. 18 एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या रात्री, पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर रेड विंग्स. दिव्यांच्या भानगडीमुळे खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला. नऊ इनिंगनंतर 1-1. एकविसाव्या इनिंगला रॉचेस्टरने एक रन काढली, तर पॉटकेटच्या वेड बॉग्सने लगेच ती फेडली. आपल्याच माणसाने बरोबरी साधली म्हणून टीममधली निम्मी पोरं मनातून वैतागली असतील. गारठा असा की खेळाडू तुटलेल्या बॅटी पिंपात जाळून शेकत होते. वारा समोरून, त्यामुळे उंच मारलेले बॉल आतच पडायचे. मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेला खेळ थांबवायचा असा लीगचा नियम होता, पण पंचांच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत तो छापायचाच राहून गेला होता. पंच पुस्तिकेवर अडून बसले. शेवटी लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर यांना फोन लागला आणि पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी खेळ थांबला. 32 इनिंग झाल्या होत्या, स्कोअर 2-2, आणि स्टेडियममध्ये उरले होते 19 प्रेक्षक.

लुईस अपॉन्टे नावाचा पॉटकेटचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आपली पाळी संपवून पहाटे घरी गेला, तर बायको दार उघडेना. ग्राउंडवर होतो म्हणाला, तिला पटेना. सकाळचा पेपर बघ म्हणाला, तर मॅच इतकी लांबली होती की पेपरात बातमीच नाही. हा किस्सा पॉटकेटमध्ये अजून सांगतात.

उरलेली मॅच 23 जूनला झाली. त्या वेळी मोठ्या लीगमध्ये संप चालू होता, म्हणून रिकामे बसलेले झाडून सगळे पत्रकार पॉटकेटला लोटले. पाच हजारांच्या वर लोक आले आणि तेहतिसावी इनिंग 18 मिनिटांत आटोपली. डेव्ह कोझाने मारलेल्या फटक्यावर मार्टी बॅरेट धावत होम प्लेटला पोचला आणि पॉटकेटची जिंकणारी रन झाली. एकूण 8 तास 25 मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधली सगळ्यात लांब मॅच आजही हीच. त्या मॅचमधला बॉग्स आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकन ज्युनिअर दोघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले. जिंकून देणारा कोझा मोठ्या लीगमध्ये एकही दिवस खेळला नाही. मायनर लीग काय चीज आहे ते एवढ्यावरून ओळखा.

असो, मुद्द्यावर येते. मॉन्डोर 2010 मध्ये गेले. त्यांच्या पत्नीने 2015 मध्ये टीम विकली. घेणाऱ्यांत रेड सॉक्सचे तेव्हाचे प्रेसिडेंट लॅरी लुकिनो आणि वकील जेम्स स्केफिंग्टन पुढे होते. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच, मॅककॉय जुनं झालं, नवं हवं. आधी प्रॉव्हिडन्सच्या नदीकाठचा बेत, त्यासाठी राज्याने तीस वर्षांत 12 कोटी डॉलर द्यायचे. लोक खवळले, आणि का खवळले तेही बघा. जेमतेम तीन वर्षांपूर्वी, 2012 मध्ये, 38 स्टुडिओज ही व्हिडिओ गेम कंपनी बुडाली होती आणि तिच्या साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाला राज्याची हमी होती. कंपनी कोणाची, तर रेड सॉक्सचाच माजी पिचर कर्ट शिलिंग याची! दुधाने तोंड पोळलं होतं, लोक ताकही फुंकून पिणारच.

मग पॉटकेटमध्येच 8.3 कोटींचं स्टेडियम बांधायचा प्रस्ताव आला. साडेचार कोटी टीमचे, बाकीचे राज्य आणि शहर मिळून. राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे तेव्हाचे स्पीकर निकोलस मॅटिएलो यांनी त्यातली राज्याची हमी काढून टाकली आणि 2018 च्या जूनमध्ये तो कायदा झाला. ऑगस्टमध्ये टीमने जाहीर केलं, आम्ही चाललो वूस्टरला. वूस्टर मॅसॅच्युसेट्समध्ये, दोन लाखांच्या वर वस्ती. तिथे शहराने भरघोस कर्ज काढून पोलर पार्क बांधलं आणि ते सुमारे 16 कोटींवर गेलं. मायनर लीगच्या मैदानासाठी एवढा खर्च तोवर कोणी केला नव्हता. 2020 चा निरोपाचा सीझनही कोविडने खाल्ला. त्या उन्हाळ्यात मॅककॉयच्या गवतावर टेबलं मांडून लोकांना जेवायला बोलावलं होतं. मैदानात पाय ठेवायची हौस भागली, पण मॅच नाहीच.

पाऊण लाखाच्या गावाने 16 कोटींच्या बोलीत उतरायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की टीममध्ये गावाच्या नावावर काय होतं? स्टेडियम शहराचं, म्हणजे डागडुजी शहराची. टीम मालकाची, म्हणजे विकायचा हक्क मालकाचा. मॉन्डोर यांचा चांगुलपणा हा त्यांचा स्वभाव होता, तो कोणत्या कागदावर लिहिलेला नव्हता. माणूस गेला, त्याच्याबरोबर तोही गेला.

आता त्या मॅचमधली हरलेली टीम बघा. 1957 मध्ये रॉचेस्टरवर हीच वेळ आली होती. टीम सेंट लुईस कार्डिनल्सच्या मालकीची आणि त्यांना ती नको झाली होती. मॉरी सिल्व्हर या स्थानिक व्यापाऱ्याने पुढाकार घेतला, दहा-दहा डॉलरचे शेअर काढले आणि 8,222 लोकांनी मिळून टीम विकत घेतली. साखर कारखान्याच्या सभासदाला हे वेगळं समजवायला नको. संचालक मंडळाला कितीही शिव्या घाला, कारखाना उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नाही. (विकून खाता येतो, हे मला माहीत आहे, त्यावर कमेंटमध्ये वाद नको.) तेव्हापासून रॉचेस्टरची मोठ्या लीगमधली पालक टीम कार्डिनल्स, ओरिओल्स, ट्विन्स, नॅशनल्स अशी बदलत गेली, रेड विंग्स रॉचेस्टर सोडून हलली नाही. टोलीडो आणि कोलंबसमध्ये तर टीम थेट काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ताब्यात आहेत. म्हणजे रस्ता होता, आणि 1977 मध्ये दिवाळखोरीत निघालेली टीम घ्यायला फार पैसेही लागले नसते.

वूस्टरवाल्या मित्रांनो, तुमचंही जरा ऐका. तीच पॉसॉक्स वूसॉक्स होऊन तुमच्याकडे आली 2021 मध्ये, आणि तीनच सीझन झाल्यावर, 2023 च्या डिसेंबरात, तिची विक्री जाहीर झाली. विकत घेणारी डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज, जिच्या खिशात चाळीसच्या वर मायनर लीग टीम आहेत. करार लांबचा आहे, उद्या कोणी टीम उचलून नेणार नाही, कबूल. पण कर्ज शहराचं आणि टीम दुसऱ्याची, हे गणित पॉटकेटपेक्षा वेगळं कुठे आहे?

मॅच बघायला मी पोलर पार्कला जाते, नाही असं नाही. जागा झकास आहे. रॉचेस्टरची टीम आली की आमच्या घरात दोन तट पडतात. लेक वूसॉक्सकडून, मी शेअरवाल्यांकडून.