अठरा नंबरची उलटी जर्सी

१ डिसेंबर २०२४, रविवारी सकाळी बंट्या कट्ट्यावर आला तो अठरा नंबरची जर्सी उलटी घालून. सगळ्या शिवणी बाहेर, कमरेशी धुण्याच्या सूचनांची पांढरी पट्टी लोंबतेय. सप्टेंबरात घेतली तेव्हा हाच माणूस भेटेल त्याला पाठ फिरवून ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, विल हॉवर्डचा नंबर दाखवत होता.

"निषेध," तो म्हणाला आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली, कारण थंडी मरणाची होती. त्यामुळे निषेध झाकला गेला.

आमचा कट्टा म्हणजे ओहायोतल्या कोलंबसच्या सॉमिल रोडवर देशी किराणा दुकानाबाहेरचा सिमेंटचा कठडा. बर्फ नसेल तर बसायचं, असेल तर उभं राहायचं. काल दुपारपासून गावात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये आमची ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी हरली होती. १३-१०. घरच्या मैदानावर, यंदा सहा जिंकून पाच हरलेल्या जुन्या वैऱ्याकडून, मिशिगनकडून, सलग चौथ्यांदा. यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याने सुखाने जगावं.

"बेसिकली," बंट्याने फोन काढला. त्याचं प्रत्येक वाक्य बेसिकलीने सुरू होतं आणि एक्सेलमध्ये संपतं. "३३ पैकी १९ पास. १७५ यार्ड. दोन इंटरसेप्शन, म्हणजे दोन पास थेट त्यांच्या हातात. वीस मिलियन डॉलरची टीम, आणि क्वार्टरबॅक हा! मोठ्या मॅचचा प्लेअरच नाही तो. कॅन्सस स्टेटमधून आणला कशाला?"

नीलूताई थर्मासमधून चहा ओतत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "समोरच्या क्वार्टरबॅकचे यार्ड किती?"

बंट्याने स्क्रीन वर-खाली केली. "बासष्ट."

"इंटरसेप्शन?"

"...दोन."

"मग तो वॉरन आज घरात शर्ट उलटा घालून बसलाय का रे?"

डॉक्टरांच्या नाकातून चहा आला. डॉक्टर जनावरांचे आहेत आणि फुटबॉलमधलं त्यांना फारसं कळत नाही, पण नीलूताईंचं बोलणं कळतं.

नीलूताईंचा या विषयातला अधिकार जुना. १९९३ ला पीएचडीला आल्या, थेट कोच जॉन कूपरच्या राज्यात. हे कूपर तेरा वर्षांत मिशिगनला फक्त दोनदा हरवून गेले, दहा हरले, एक बरोबरीत. "१९९५ ला एकही न हरता त्यांच्या गावी गेलो आणि हरलो," ताई सांगायला लागल्या. "१९९६ ला एकही न हरता त्यांना आपल्या गावी बोलावलं आणि हरलो. १३-९. मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. काल १३-१०. म्हणजे अठ्ठावीस वर्षांत आमची प्रगती किती? एक पॉइंट."

यावर कोण काय बोलणार.

बंट्या बोललाच. "ताई, पण पहिलं इंटरसेप्शन! त्यांच्या आमिर हॉलने आपल्या रेषेपासून दोन यार्डांपर्यंत पळवत आणला. सात पॉइंट तिथेच दिले त्यांना."

तो पास वाईटच होता. हे नीलूताईंनाही मान्य आहे, फक्त बंट्यासमोर नाही. त्या कठड्यावरचे कप सरकवायला लागल्या. "हे बघ. हा मिशिगनचा मेसन ग्रॅहम, हा केनेथ ग्रँट. बचावात मधोमध दोन डोंगर. पुढे वाट करून देणाऱ्यांपैकी आपला लेफ्ट टॅकल सिमन्स ऑक्टोबरपासून जायबंदी, सेंटर मॅकलॉफलिन नोव्हेंबरात जायबंदी झाला. म्हणजे सुरुंगाला दारू नाही. तरी बॉल घेऊन पळणारे आपले रनिंग बॅक त्याच डोंगरावर डोकं आपटतायत. २६ वेळा पळालो, ७७ यार्ड. आणि इकडे बाहेर," त्यांनी बिस्किटाचा पुडा पार टोकाला ठेवला, "आपले पास झेलणारे जेरेमाया स्मिथ, एग्बुका, टेट. त्यांना अडवणारा मिशिगनचा सगळ्यात चांगला कॉर्नर विल जॉन्सन दुखापतीने बाहेर. पुडा उघडा पडलाय, आणि आपण कपावर डोकं आपटतोय. हे हॉवर्डने ठरवलं?"

"आक्रमणाचा कोच चिप केलीने," मी म्हणालो.

"आणि मुख्य कोच डेने. घाबरलेल्या माणसाने."

मला हे पटतं म्हणून इथे लिहून ठेवतो. २०२१ ला मिशिगनने पळून पळून ४२-२७ ने लोळवलं, तेव्हापासून रायन डे 'आम्ही मऊ नाही' हे सिद्ध करायला निघालाय, आणि नेमका वर्षातल्या त्याच एका शनिवारी. बाकी वर्षभर मस्त पास टाकतात. मिशिगन आलं की अंगात येतं. २०२४ पर्यंत त्यांच्याविरुद्धच्या पाच मॅचमधली एकच त्याने जिंकली. आणि तीन-तीन पॉइंटच्या किक, म्हणजे दोन फील्ड गोल हुकले, हरलो तीनच पॉइंटने, हे बंट्याच्या एक्सेलमध्ये कुठल्या कॉलममध्ये बसतं ते त्याने अजून सांगितलेलं नाही. मॅचनंतर मिशिगनवाले आमच्या मैदानात झेंडा रोवायला गेले, त्या मारामारीबद्दल काय बोलावं? पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. काल आमच्या मैदानावर तिखट म्हणावं असं तेवढंच काय ते होतं.

या सगळ्या वेळात अण्णा गप्प. अण्णांची मुलगी ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगनच्याच युनिव्हर्सिटीत शिकते आणि अण्णा परराज्याची फी भरतात.

"अण्णा, हसताय?"

"छे रे. थंडीने ओठ ओढले जातात."

"मिशिगनचे लोक असेच," बंट्या म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस," अण्णा उसळले. मिशिगनच्या आठवड्यात इथे सगळीकडे पाट्यांवरच्या मिशिगनच्या एमवर लाल पट्टी मारतात. बंट्याने भक्तीच्या भरात मराठी मंडळाच्या इंग्रजी बॅनरवरच्या दोन्ही एमवर मारली होती. नवीन आलेलं एक जोडपं बराच वेळ 'अराठी अंडळ' शोधत फिरलं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या लावायचं काम बंट्याकडे आहे.

"ते सोडा," बंट्या चिडला. "ऑरेगॉनविरुद्धच्या मॅचचं काय? ३२-३१ ने हरलो. फील्ड गोलची संधी होती, हा पळत सुटला आणि घसरून खाली बसला. घड्याळ शून्यावर! ज्याला घड्याळ कळत नाही..."

"बंट्या," डॉक्टर अचानक म्हणाले. डॉक्टर सहसा मध्ये बोलत नाहीत, म्हणून सगळे वळले. "जुलैत आपल्या लीगची सेमीफायनल. एका बॉलला दोन रन. मी जीव खाऊन पळालो. तू दुसऱ्या टोकाला काय करत होतास?"

शांतता.

"सांग ना."

"बुटाची नाडी सुटली होती."

"पाच महिने झाले," डॉक्टर म्हणाले. "मी बोललो नाही. सौ. म्हणाली सोडून द्या. पण तू हॉवर्डला घड्याळ शिकवणार असशील तर मला बोलावंच लागेल."

मग लीग निघाली, अंपायर कोणाचा मेहुणा होता ते निघालं, फायनलच्या जेवणात बिर्याणी कोणी कमी सांगितली तेही निघालं. हॉवर्ड बिचारा बाजूला राहिला. विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये यंदा बारा टीम आहेत, आपण अजून बाहेर नाही, असं नीलूताई मधेच म्हणाल्या. कोणी लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात अण्णांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. निळी टोपी, पिवळा एम, तोंडभर हसू. अण्णांनी फोन मुद्दाम बंट्यासमोर धरला. बंट्याने बाणेदारपणे चेन उघडून निषेध दाखवला.

"काका, जर्सी उलटी का घातलीय?"

आता पोरीसमोर काय सांगणार. त्याने खाली बघितलं, पट्टी हातात धरली आणि वाचून दाखवली, "हे बघ, इथेच लिहिलंय. उलटी करून थंड पाण्यात धुवा."

"मग धुतली की काल," नीलूताई म्हणाल्या. "घरच्या घरी."

बंट्यासुद्धा हसला. चहा संपला होता. डॉक्टर त्याच्याशी अजून बोलत नव्हते, पण निघताना त्याच्या बुटांकडे बघून म्हणाले, "नाडी."

खरंच सुटली होती.