लिफ्ट चार इंच, म्हणून ड्रॉपही चारच इंच?

इथे टेक्ससमध्ये पिकअपवाल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्याचं सार असं : ट्रक लिफ्ट किटने जितके इंच उचलला असेल तितक्याच इंचांचा ड्रॉप हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा बॉल तेवढा खाली आणणारा दांडा, घ्या. घेताना सर्वांत जाडजूड, वजन ओढण्याचा आकडा सर्वांत मोठा असलेला घ्या, म्हणजे काळजी मिटली. आणि एवढं करून ट्रेलरचं नाक थोडं वर राहिलंच, तर वजन वाटणाऱ्या हिचचे स्प्रिंग बार, म्हणजे मागचा भार पुढच्या चाकांकडे ढकलणारे ताणाचे दांडे, ते सांभाळून घेतात. खाली अंगठ्यांची रांग. यातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसरं सरळ उलटं आहे.

पहिल्यापासून धरू. लिफ्टचा आकडा हा जाहिरातीतला आकडा असतो. आपल्याला हवी असते मागच्या रिसीव्हरची, म्हणजे हिचचा दांडा ज्यात बसतो त्या चौकोनी नळीची, जमिनीपासूनची उंची. कारखान्यातून निघालेल्या पिकअपचं ढुंगण मुळातच थोडं वर असतं, म्हणून बरेच किट पुढून जास्त आणि मागून कमी उचलतात. नुसतं लेव्हलिंग किट असेल तर ते पुढचाच भाग वर घेतं, रिसीव्हर जवळपास होता तिथेच राहतो. बॉडी लिफ्टमध्ये तर केबिन आणि हौदा चॅसीवरून वर जातात, पण रिसीव्हर चॅसीला बोल्ट केलेला असतो. तो तसूभरही हलत नाही. उलट टायर मोठे केले की किटच्या आकड्यात नसलेली उंची वाढते, तीही व्यासातल्या फरकाच्या निम्मी : ३२ इंची काढून ३५ इंची घातले तर दीड इंच.

आता माझ्या मित्राच्या ट्रकचा हिशेब सांगतो. किट ‘चार इंची’. प्रत्यक्षात मागे दोनच इंच वाढले, वर टायरचे दीड. म्हणजे रिसीव्हर साडेतीन इंच वर गेला, २२.५ चा २६ झाला. त्याचा ट्रेलर सपाट उभा केला की कपलरची, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाची, खालची कड जमिनीपासून १८.५ इंचांवर येते. मेसेज वाचून त्याने चार इंची ड्रॉप आणला. पण अरे बाबा, लिफ्ट नव्हती तेव्हाही तुला चार इंच लागतच होते! २२.५ वजा १८.५. आता २६ वजा १८.५, म्हणजे साडेसात. लिफ्टचा आकडा मुळात या वजाबाकीत कुठे येतच नाही.

साडेसात हाही शेवटचा आकडा नव्हे. ट्रेलर अडकवला की ट्रकचं मागचं अंग दबतं. सहा हजार पाउंडांच्या प्रवासी ट्रेलरचा बॉलवरचा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, म्हणजे ६०० ते ९००. मित्राचा ट्रक तेवढ्याने दीड इंच बसला. हौद्यात जनरेटर, पाणी, कूलर असं जे नेहमी असतं ते ठेवूनच त्याने मोजलं होतं. त्याला लागणारा ड्रॉप निघाला सहा इंच. टेप, सपाट जागा आणि पंधरा मिनिटं, बास.

दुसरा मुद्दा जाडजूडपणाचा. बाजारातला बिनआकड्याचा स्वस्त माल घेऊ नका एवढाच त्याचा अर्थ असेल तर मला मान्य आहे. पण २० हजार पाउंडांचा बॉल माउंट, म्हणजे बॉल धरणारा तोच दांडा, लावल्याने ट्रक २० हजार ओढू लागत नाही. ट्रक, रिसीव्हर, माउंट, बॉल, कपलर आणि ट्रेलर सुटलाच तर धरून ठेवणाऱ्या साखळ्या यांत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तोच तुमचा आकडा. ट्रकच्या कंपनीने दिलेला आकडाही मूळ उंचीच्या, मूळ टायरच्या गाडीचा असतो हे लिफ्टवाले सोयीस्करपणे विसरतात.

शिवाय खोल ड्रॉपची एक वेगळी भानगड आहे. ब्रेक मारला की ट्रेलर बॉलला पुढे ढकलतो, आणि तो जोर रिसीव्हरला खालून पिळतो. ड्रॉप चाराचा आठ केला की तेवढ्याच धक्क्याला पीळ दुप्पट. कडेने वारा लागला तर आडवा पीळही तसाच. म्हणून उंची बदलता येणाऱ्या माउंटवर कोणत्या भोकात किती पाउंड हे वेगवेगळं लिहिलेलं असू शकतं. पेटीवरचा मोठा आकडा बघून परतू नका, तुमच्या भोकाचा बघा. अडीच इंची रिसीव्हरमध्ये स्लीव्ह घालून दोन इंची दांडा बसवलात, तर आकडा दोन इंचीचाच, वर खडखडाट फुकट.

आता ते नाक. आपल्याकडे बैलगाडीत भार मागे पडला की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातला पट्टा आवळतो. गाडीवान खाली उतरून पोती पुढे ओढायचा, ‘थोडं चालतं’ म्हणत बसायचा नाही. ट्रेलरचं नाक वर राहिलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, बॉलवरचा भार घटतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला मोकळा होतो. दोन आसांचा असेल तर ओझं मागच्या आसावर जातं, तिथले टायर तापतात. पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा असतील तर मधली इक्वलायझरची पट्टी ओझं थोडंफार वाटून देते. टॉर्शन आसांना, म्हणजे पट्ट्यांऐवजी आसाच्या नळीतल्या रबरावर झेलणाऱ्यांना, ती सोय नसते, त्यामुळे अशा ट्रेलरला सपाट ठेवणं जास्तच गरजेचं. अर्ध्या-पाऊण इंचाने आभाळ कोसळत नाही, पण झुकायचंच असेल तर नाक खाली झुकू द्या.

‘बार सांभाळतात’ हे तर मला कळतच नाही. वजन वाटणाऱ्या हिचचे बार ताणले की ट्रकचं दबलेलं मागचं अंग वर येतं. त्याबरोबर बॉल वर येतो, म्हणजे आधीच वर असलेलं नाक आणखी वर! बारचं काम पुढच्या चाकांवरचं हरवलेलं वजन परत आणणं. उंचीचा हिशेब त्यांच्या आधी झालेला असावा लागतो. बार लावणार असाल तर ट्रक किती बसतो हेही बार ताणूनच मोजा. माझ्या मित्राचा दीड इंच तसाच मोजलेला आहे.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये अजिबातच नाही, ती म्हणजे साखळ्या. त्या रिसीव्हरपाशी अडकतात. लिफ्टने रिसीव्हर वर गेला आणि कपलर तिथेच राहिला, की जुन्या साखळ्या तोकड्या पडतात. मित्राच्या पडल्याच. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये पूर्ण डावीकडे वळवल्यावर उजवी साखळी तारेसारखी ताणली. कपलरखाली फुली मारून नेलेल्या, वळणाला पुरतील पण जमिनीला घासणार नाहीत अशा आणि ट्रेलरच्या वजनाला पुरे पडणाऱ्या साखळ्या त्याने बदलून घेतल्या. चार इंची माउंट दुकानाने परत घेतला नाही. तो आता गॅरेजचं दार उघडं ठेवायला वापरतो.