रँक तीच, सेवा तेवढीच, मग पेन्शन वेगळी का?

आठव्या वेतन आयोगाची बातमी आली की आमच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: फिटमेंट फॅक्टर, म्हणजे जुन्या पगार-पेन्शनला गुणायचा आकडा, किती मिळणार? मागच्या वेळी २.५७ होता, या वेळी किती? मला या आकड्याची फार चिंता वाटत नाही. सेवेतल्यांचा पगार नव्या तक्त्यात नीट बसवायचा आणि निवृत्तांच्या पेन्शनला एका आकड्याने गुणून मोकळं व्हायचं, ही सवय मला जास्त जाचते. ३१ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झालेला अधिकारी आणि त्याच रँकचा, तेवढ्याच सेवेचा, पुढच्या महिन्यात निवृत्त झालेला अधिकारी, दोघं एकाच युनिटमध्ये वाढलेले असले तरी सरकारी हिशेबात वेगवेगळ्या जातीचे होतात.

मी लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडलो. निवृत्तीनंतर पुण्यात ज्येष्ठ अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या पत्नींची पेन्शनची कागदपत्रं बघून देतो. त्यामुळे हे फक्त तत्त्वाचं बोलत नाही, रोज फायली चाळून बोलतोय.

पाचव्या आयोगानंतर १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्या मेजर जनरलांची पेन्शन ब्रिगेडियरपेक्षा कमी बसली. वरच्या रँकला कमी पैसे! त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल लागला सप्टेंबर २००८ मध्ये. तोवर सहावा आयोग आला आणि त्याने तीच चूक परत केली. मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे लष्करी सेवेच्या खडतरपणासाठीचं जादा वेतन, ब्रिगेडियरपर्यंतच दिला, तो पेन्शनीत धरला, आणि जुन्या निवृत्तांची किमान पेन्शन लेफ्टनंट कर्नलला २५,७००, कर्नलला २६,०५०, ब्रिगेडियरला २६,१५० आणि मेजर जनरलला २३,७०० अशी आली. नंतर दुरुस्ती करावी लागली. पण ऑर्डर काढण्याआधी चार आकडे एकाखाली एक लिहून बघायला कुणाला किती वेळ लागला असता?

चौथ्या आयोगाचं प्रकरण याहून वाईट. १ जानेवारी १९८६ पासून कॅप्टन ते ब्रिगेडियर या रँकना दोनशे ते बाराशे रुपये रँक पे मिळाला. एका हाताने दिला आणि मूळ वेतन ठरवताना तेवढीच रक्कम दुसऱ्या हाताने वजा केली. मूळ वेतन खाली गेलं की पेन्शन खाली जाते, आणि ती खाली गेलेली पेन्शन पुढच्या प्रत्येक आयोगाचा पाया होते. मेजर धनपालन एकटे केरळ उच्च न्यायालयात गेले, १९९८ मध्ये जिंकले. बाकी सगळ्यांना तो न्याय मिळायला ४ सप्टेंबर २०१२ उजाडलं. सव्वीस वर्षं. एवढ्या काळात किती जण गेले असतील!

मग वन रँक वन पेन्शन, म्हणजे रँक आणि सेवा सारखी तर पेन्शनही सारखी, हे आलं ना, असं लोक विचारतात. आलं, आणि ते आणल्याबद्दल मनोहर पर्रीकरांचं ऋण मी मानतो. चाळीस वर्षं रेंगाळलेला विषय त्यांच्या कारकिर्दीत मार्गी लागला. पण सप्टेंबर २०१५ मध्ये घोषणा झाली तेव्हाची आशा आणि ७ नोव्हेंबरच्या आदेशातला मजकूर यांत फरक होता. २०१३ साली निवृत्त झालेल्यांची किमान आणि कमाल पेन्शन घ्या, सरासरी काढा, ती सगळ्यांना द्या, आणि जो सरासरीच्या वर आहे त्याची तशीच राहू द्या. म्हणजे एकाला शंभर मिळत होते, दुसऱ्याला नव्वद, तर दुसऱ्याचे पंचाण्णव झाले आणि पहिल्याचे शंभरच राहिले. रँक एक, सेवा एक, पेन्शन दोन. शिवाय जुन्या-नव्या पेन्शनची बरोबरी दर पाच वर्षांनीच.

या पाच वर्षांचा आणि वेतन आयोगाच्या दहा वर्षांचा मेळ बसत नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे. सातवा आयोग लागू झाला जानेवारी २०१६ पासून. पुढची बरोबरी जुलै २०१९ पासून व्हायला हवी होती. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२२ मध्ये निर्देश द्यावे लागले, मंत्रिमंडळाची मंजुरी आली २३ डिसेंबर २०२२ ला, आणि थकबाकीचे हप्ते २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. जानेवारी २०१६ नंतर निवृत्त झालेल्याला जे पहिल्याच महिन्यापासून मिळालं, त्याच्या जवळपास पोचायला आधीच्याला सात-आठ वर्षं लागली.

आमच्या भागातल्या एका मेजरसाहेबांच्या पत्नी फाइल घेऊन आल्या होत्या. साहेब ऐंशीच्या दशकात निवृत्त झाले, २०२१ मध्ये गेले. फाइलमध्ये मूळ पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, टाइपरायटरवरचा, घडीवर फाटून सेलोटेपने चिकटवलेला. त्याच्या मागे प्रत्येक आयोगाचा एकेक कॉरिजेंडम (दुरुस्तीचा) पीपीओ, साहेबांच्या बारीक अक्षरात कडेला फरकाचा हिशेब. जुलै २०१९ पासून त्यांच्या मृत्यूपर्यंतची थकबाकी आता ‘लाइफ टाइम अरिअर्स’ म्हणून काकूंना मागायची होती. फॉर्म भरताना त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, यांचे पैसे यांच्या हातात पडले असते तर बरं झालं असतं हो.” मी काय बोलणार?

आणि त्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी नागरी नोकरीतल्या लोकांना सांगितली तर खरी वाटत नाही. साहेबांची सेवा वीस वर्षांच्या वर, रँक मेजर. त्या काळी वरच्या जागाच मोजक्या होत्या, चांगले चांगले अधिकारी मेजर म्हणूनच घरी गेले. डिसेंबर २००४ पासून नियम बदलला: तेरा वर्षं झाली की लेफ्टनंट कर्नल. म्हणजे आज वीस वर्षं सेवा करून मेजर म्हणून कुणी निवृत्त होतच नाही. मग या जुन्या मेजरांची बरोबरी कुणाशी करायची? सातव्या आयोगाच्या तक्त्यात मेजरचं किमान वेतन ६९,४००, लेफ्टनंट कर्नलचं १,२१,२००. एका पायरीत एवढी उडी. ज्या रँकमधून आज कुणी निवृत्तच होत नाही, तिची ‘सरासरी’ कागदावर कशीही काढता येते. निवृत्त कॅप्टनांचंही हेच झालं; त्यांच्या पेन्शनमधल्या विसंगतींवर वर्षानुवर्षं निर्णय न घेतल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारला दोन लाखांचा दंड केला. माझं मत स्पष्ट आहे: अशा निवृत्तांना आजच्या नियमाने जी रँक मिळाली असती, तिची पेन्शन द्या. त्यांची संख्या दरवर्षी घटतेच आहे.

खर्चाचा मुद्दा मी टाळत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण पेन्शनसाठी १ लाख ६० हजार कोटींवर तरतूद आहे. मोठी रक्कम आहे. पण ती मोठी का आहे? सैन्य तरुण ठेवायचं म्हणून जवानाला पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवतात, कर्नलला चौपन्नच्या आसपास. त्याच वयात त्याचा नागरी सेवेतला मित्र अजून सहा वर्षं वाढता पगार घेणार असतो. आणि जवानांचा विषय निघालाच आहे तर आमच्या काही मित्रांना न आवडणारं सांगतो: अधिकाऱ्याला मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि जवानाला ५,२००, हा फरक मला पटत नाही. सियाचीनची थंडी रँक बघून लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर १९८२ चा नाकरा निकाल आम्हा पेन्शनरांना पाठ असतो. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या घटनापीठाचे प्रमुख होते. पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत फूट पाडता येणार नाही, असं त्या पीठाने सांगितलं. २०२२ मध्ये त्यांच्याच चिरंजीवांच्या पीठाने वन रँक वन पेन्शनचं धोरण जसंच्या तसं वैध ठरवलं. निकाल मान्य आहे. पण धोरण वैध आहे म्हणजे ते बदलता येत नाही असं नाही. बदलणं सरकारच्या हातात आहे.

आता न्यायमूर्ती रंजना देसाईंचा आठवा आयोग बसला आहे. तीन जणांच्या या आयोगात गणवेशातला एकही सदस्य नाही, याही वेळी नाही. म्हणून निवेदनं पाठवावी लागतील. माझ्या निवेदनात मागणी एकच: सेवेतल्यांचा नवा तक्ता ज्या दिवशी लागू होईल त्याच दिवशी, त्याच आदेशात, प्रत्येक निवृत्ताचं वेतन त्याची रँक आणि सेवा धरून नव्या तक्त्यात काल्पनिकरीत्या बसवा, त्यावर पेन्शन काढा, आणि वन रँक वन पेन्शनची बरोबरीही त्याच तारखेला करा, २०२९ च्या जुलैची वाट बघायला लावू नका. हे अशक्य नाही. २०१७ मध्ये सरकारने काल्पनिक वेतननिश्चितीचा मार्ग मान्य केलाच होता, फक्त उशिरा. सातव्या आयोगाने इन्क्रिमेंट मोजून पेन्शन ठरवायचा पर्याय सुचवला होता, तो जुनी रेकॉर्ड मिळत नाहीत म्हणून बाजूला पडला. आज आपली सगळी माहिती ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर आहे.

त्यासाठीच ज्यांचे आई-वडील, सासू-सासरे संरक्षण दलाचे पेन्शनर आहेत त्यांना सांगतो: ‘स्पर्श’वर लॉग इन करून रँक, अर्हताकारी सेवा (पेन्शनसाठी धरलेली वर्षं), पती किंवा पत्नीचं नाव आणि जन्मतारीख मूळ पीपीओशी ताडून बघा. सेवेची वर्षं चुकली असतील तर आत्ताच दुरुस्तीचा अर्ज करा. कुठे अडलं तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी मी याच कामाला बसतो.