‘वनरक्षक फुकट पगार खातात’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

रविवारी सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक लांबलचक मेसेज टाकला, वर तो "अनेकदा फॉरवर्ड केलेला" शिक्का. तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की वनरक्षकाला लागल्या दिवसापासून 70 हजार पगार आणि काम शून्य; जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचे हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्याने 2006 नंतर जंगल वाटून संपवलं; वणवे सगळे आदिवासीच लावतात; खातं स्वतःच सागवान तोडून विकतं म्हणून तोड कायमची बंद करा; आणि शेवटी उपाय, जंगलातली सगळी गावं बाहेर काढा, वनरक्षकांना घरी पाठवा आणि वरून ड्रोन फिरवा. खाली "देशहितासाठी शेअर करा".

एरवी मी असलं काही आलं की सोडून देते. पण त्या ग्रुपवर माझी मावशी आहे आणि तिची मुलगी चंद्रपूर जिल्ह्यात वनरक्षक आहे. मावशीने चष्मा लावून अख्खा मेसेज वाचला आणि मला फोन केला. "माझी पोरगी फुकटचा पगार खाते का वं?" एवढंच बोलली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

आधी पगाराचं. वनरक्षकाची वेतनश्रेणी आहे एस-7, म्हणजे 21,700 ते 69,100. भरतीच्या जाहिरातीत छापलेली असते, कुणीही बघू शकतो. मेसेजवाल्याने त्यातला शेवटचा आकडा उचलला, गोल करून 70 केला आणि तो पहिल्या दिवशीचा पगार म्हणून फिरवला. वर्षाला 3 टक्के वाढ धरली तर 21,700 वरून 69,100 ला पोचायला जवळजवळ चाळीस वर्षं लागतात, आणि आपल्या राज्यात ह्या पदाचा माणूस 58 व्या वर्षी रिटायर होतो, तेव्हा तुम्हीच हिशोब करा की बढती न मिळता तिथपर्यंत पोचणार कोण. महागाई भत्ता वगैरे धरून जुन्या माणसाच्या हातात बरी रक्कम येते, हे मान्य. पण तो भत्ता शिक्षकाला मिळतो, तलाठ्याला मिळतो, काका तुम्हालाही मिळत होता.

आता "काम शून्य". ह्या एका वाक्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

त्याच भरतीच्या जाहिरातीत एक अट असते, ती कुणी नीट वाचत नाही. ह्या पदाला बारावी पास लागतं, पण काही जणांना दहावीवर सूट आहे, आणि त्यात एक गट आहे नक्षलवाद्यांच्या किंवा वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात, तस्कर-शिकाऱ्यांशी झालेल्या झटापटीत किंवा वणव्यात मेलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या वन कर्मचाऱ्यांच्या मुलांचा. म्हणजे सरकार नोकरीची जाहिरात देतानाच सांगतंय की ह्या नोकरीत माणसं अशी मरतात आणि त्यांची मुलं मागे राहतात. कोणत्या बिनकामाच्या नोकरीच्या जाहिरातीत असं कलम पाहिलंय तुम्ही?

20 नोव्हेंबर 2021. ताडोबात कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेची तयारी चालू होती. गणना म्हणजे नुसते कॅमेरे लावणं नसतं, त्याआधी बिटात, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, पायी चालत वाघ-बिबट्याच्या पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे शोधून नोंद करायची असते. एक महिला वनरक्षक सोबतच्या वनमजुरांना घेऊन पहाटेपासून चालत होती. वाटेत वाघीण बसलेली दिसली, त्यांनी थांबून वाट पाहिली, मग दुसरीकडून वळसा घेतला, आणि वाघिणीने त्या ताईंना गाठून ठार केलं. घरी लहान मुलगी होती. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले, आधीच्या वेळी 312 होते, आणि तो आकडा आल्यावर ह्याच फॅमिली ग्रुपवर आपण सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले होते. तो आकडा अशा चालण्यातून आला.

माझ्या ह्या मावसबहिणीचं सांगते, तिच्या परिक्षेत्राचं नाव घेत नाही. तिचं बिट बाराशे हेक्टरच्या आसपास. सोबतीला एक वनमजूर, हातात काठी. पेट्रोल कितीदा स्वतःच्या खिशातून, फोन स्वतःचा, जिथे पोस्टिंग होती तिथल्या क्वार्टरला दोन पावसाळे छत गळत होतं आणि संडासाचं दार नव्हतं, तिने साडीचा पडदा लावला होता. गावात कुणाचं गुरं मेलं की पहिला फोन हिला, वाघ शेतात बसला की हिला, आणि जमाव चिडला की समोर पहिली हीच उभी, कारण साहेब यायला दीड तास. गेल्या उन्हाळ्यात वणव्याच्या रात्री ती आणि दोन पोरं पाठीवर पाला उडवायचा ब्लोअर घेऊन जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावर होती, पहाटे साडेतीनला मावशीला मेसेज टाकला "विझली, झोपते". मावशी तोवर जागी.

आणि तो सोबतचा वनमजूर, त्याच्याबद्दल तर मेसेजमध्ये एक अक्षर नाही. रोजंदारीवरची माणसं ही. आयुष्यभर जंगल राखतात आणि कायम व्हायला "पाच वर्षं, दरवर्षी 240 दिवस भरले का" ह्याचे कागद घेऊन कोर्टात खेटे घालतात. 1996 आणि 2012 च्या शासन निर्णयांनी काही हजार लोक कायम झाले, बाकीचे अजून हजेरीपट शोधतायत. बहिणीच्या बिटातल्या मजुराची तीन महिन्यांची मजुरी थकली होती तेव्हा तिने स्वतःच्या पगारातून त्याला उसने दिले. फुकट पगार म्हणे.

हे मी बहिणीच्या मायेपोटी बोलतेय असं वाटत असेल तर सुप्रीम कोर्टाचं ऐका. 8 जानेवारी 2021, सरन्यायाधीश होते शरद बोबडे, आपल्या नागपूरचेच. जंगलांबद्दलच्या गोदावर्मन नावाच्या जुन्या केसमध्ये महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या वन कर्मचाऱ्यांवरचे हल्ले कोर्टासमोर मांडले गेले, आणि कोर्टाने विचारलं की शस्त्र घेऊन आलेल्या शिकाऱ्यांसमोर निःशस्त्र वन कर्मचारी कायदा राबवणार कसा, ह्यांना शस्त्रं, बुलेटप्रूफ जॅकेट, हेल्मेट द्यायचा विचार करा. देशाचं सर्वोच्च न्यायालय ज्यांच्यासाठी बुलेटप्रूफ जॅकेटची भाषा करतं त्यांना आपण घरी बसून बिनकामाचे म्हणतोय.

वनहक्क कायद्याचा मुद्दा. इथे अर्धी गोष्ट खरी आहे आणि ती मला नाइलाजाने मान्य करावी लागतेय, की पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, मिळेल ह्या आशेने काही ठिकाणी नवीन अतिक्रमणं झाली, होतात, आणि ती काढायला गेलेल्या वनरक्षकांना मार बसतो. बहिणीनेही दगड खाल्लेत. पण त्या अतिक्रमणाला कायदा परवानगी देत नाही. कायदा म्हणतो 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा पाहिजे, जास्तीत जास्त 4 हेक्टर, आणि ती जमीन विकता येत नाही. म्हणजे जे लोक आधीपासून कसत होते त्यांची नोंद झाली. "जंगल वाटलं" हे साफ खोटं. आणि मेसेजवाल्याने जे लपवलं ते हे की त्याच कायद्यात कलम 3(1)(i) आहे, गावाला आपलं सामूहिक जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा माहीत आहे ना? 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक देऊन गेले. संपलं का जंगल? गाव बांबू काढतं, विकतं, त्या पैशात जंगलाचंच काम काढतं. धुळ्यातल्या बारीपाड्याचं उदाहरण घ्या, तिथे गावाने राखलेल्या जंगलासाठी चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली. खाणीला, रस्त्याला, धरणाला गेलेलं जंगल ह्या मेसेजमध्ये कुठेच नाही, सगळं बोट चार एकर कसणाऱ्याकडे.

वणवे. हो, लागतात, आणि बहुतेक माणसाच्याच हाताने लागतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग पसरते, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही लावतात. बहिणीशी ह्यावर माझं भांडण व्हायचं, ती सांगते की 15 फेब्रुवारी ते 15 जून तिला रात्रीची झोप माहीत नसते. पण "सगळे आदिवासीच"? बिडी फेकणारा पर्यटक, बांध जाळणारा शेतकरी, रस्त्याकडेला शेकोटी करून निघून गेलेले ट्रकवाले, ह्यांचं काय? आणि आग विझवायला रात्री धावतं कोण? त्याच गावातली पोरं, तिच्यासोबत. चंद्रपूर जिल्ह्यात पाचगाव आहे, गोंडपिपरी तालुक्यात, त्यांना 2012 ला हजारेक हेक्टरचा हक्क मिळाला आणि त्या ग्रामसभेने ठरवलं की आपल्या जंगलात तेंदूपानं तोडायची नाहीत, कारण त्यापायी फांद्या तोडल्या जातात आणि आगी लागतात. हातचं उत्पन्न सोडलं त्यांनी. उन्हाळ्यात तेंदूच्या पैशावर घर कसं चालतं हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल हा निर्णय किती जड होता.

सागवान तोडीचा मुद्दा जास्त ओढत नाही. कार्य आयोजना नावाची गोष्ट असते, प्रत्येक वनविभागाची, साधारण दहा वर्षांसाठी, कोणत्या कूपात (तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात) कधी किती तोडायचं आणि परत कसं उगवू द्यायचं ते त्यात ठरतं, आणि 12 डिसेंबर 1996 पासून सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे की मंजूर आयोजनेशिवाय तोड नाही. मिश्र जंगल साफ करून एकट्या सागाची लागवड केली गेली, ती चूक होती असं मीसुद्धा म्हणते, आणि चोरटी तोड होते, त्यात आतले लोकही सापडतात. पण तोड कायमची बंद केली तर दार-चौकटीला लाकूड कुठून आणणार? मागणी तर राहणारच, मग ती चोर भागवणार. आणि त्या चोराला रात्री अडवायला कोण उभं राहणार? परत तीच, काठी घेऊन.

आता ड्रोन. गावं काढा हे तर एका वाक्यात संपतं, कायद्यात ग्रामसभेची लेखी संमती लागते आणि चंद्रपूरकडे गावं आणि वाघ इतके मिसळलेत की ब्रह्मपुरीकडचा नकाशा बघितला तर कुठून कुणाला काढणार हेच कळणार नाही. पण वनरक्षकाऐवजी ड्रोन? ड्रोनला धूर दिसतो, मोकळं माळरान दिसतं. रानडुकरासाठी झुडपात लावलेला तारेचा फास दिसत नाही. शेताच्या कडेला 11 केव्हीच्या लाइनवर आकडा टाकून सोडलेली जिवंत तार दिसत नाही, आणि आपल्याकडे वाघ अशा तारांनी मेलेत. तो फास पायी चालणाऱ्यालाच सापडतो. माझ्या बहिणीने एका आठवड्यात सात काढले होते, पिशवीत भरून रेंज ऑफिसला जमा केले. गावातली कोणती बाई आज बांबूला गेली आणि संध्याकाळ झाली तरी परत आली नाही हे ड्रोनला कोण सांगणार? वनरक्षकाला तिची सासू सांगते. द्या ना ड्रोन, तिच्या हातात द्या, सोबत गाडी द्या, मजुराला वेळेवर मजुरी द्या, क्वार्टरला दार द्या.

काका, मेसेज टाकून चार दिवस झाले, आता तो "सर्वांसाठी डिलीट" होत नाही, मी बघितलं. मावशीचा नंबर तुमच्याकडे आहे. संध्याकाळी सातनंतर केला तर ती निवांत असते.